त्याच्या शर्टांचे चौकोन

७ ऑगस्ट

प्रिय बेबी,

पार्सल फोडलंस की वरचं पाकीट आधी बाजूला काढ. ते आईंसाठी, म्हणजे "दादाचं पत्र". हे दुसरं तुझं, ते तुझ्या पर्समध्ये ठेव. मागच्या वेळी मी दोन्ही एकाच पाकिटात घातली आणि तू आईंच्या समोर उघडलीस, तसं पुन्हा नको. फोनवर आपण दोघी बोलत नाही, नुसत्या रडतो, म्हणून हे लिहिणं बरं.

चौकोन बारा पाठवले आहेत. सहा इंची, चारी बाजूंनी पाव इंच माया दुमडून, टाके घालून, आईंनी सांगितलं तसंच. निळा-पांढरा चौकड्यांचा म्हणजे तुझा दादा पेट्रोल पंपावर कामाला घालून जायचा तो शर्ट. करडा आहे त्याच्या कोपराला भोक होतं, तो भाग मी टाळला. तिकडच्या त्याच्या जुन्या शर्टांचे तुझे किती झाले? प्रत्येकी तीस ठरले होते. आईंना तू काय सांगितलं आहेस ते मला एकदा नीट लिहून कळव, म्हणजे माझ्या पत्रात वेगळं काही यायला नको. "दादाने जुने शर्ट धाडलेत, तुला गोधडी करायला" एवढंच ना?

बेबी, उद्या तुझा दादा जाऊन तीन महिने होतील. आई तेव्हा दवाखान्यात होत्या, डॉक्टर म्हणाले धक्का नको, आणि आपण ठरवलं की पंधरा दिवस सांगायचं नाही. ते पंधरा दिवस काही संपत नाहीत. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, हे तेव्हा सोयीचं वाटलं. पत्रं तशीही वर्षानुवर्षं मीच लिहायची. तो महा आळशी, शेवटी एक सही ठोकायचा आणि "माझ्याकडून लिही काहीतरी" म्हणून चहा प्यायला जायचा. आता सहीसुद्धा मीच करते. गेल्या महिन्यात मी त्याला सर्दी केली, या महिन्यात बरी केली. पंपावर माणसं कमी आहेत, सुट्टी मिळत नाही, हे तीनदा लिहून झालं. चौथ्यांदा काय लिहू?

एक नवीन गोष्ट मात्र खरी आहे, ती मी त्याच्या पत्रातही घातली आहे. मागच्या अंगणात ते चिकाचं झुडूप आहे ना, पान तोडलं की दूध येतं ते. त्याची अर्धी मुळं उघडी पडली आहेत, कसं जगलंय कोण जाणे. काल कपडे वाळत घालताना त्याच्यावर सुरवंट दिसले. काळे, पिवळे, पांढरे पट्टे, दोन्ही टोकांना काळी शिंगं. मोजले तर अकरा. दुकानात चष्मा न्यायला आलेल्या एका मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, हे मोनार्कच्या जातकुळीतल्या एका फुलपाखराचे. फक्त याच झुडपाचा पाला खातात. उपाशी मरतील पण दुसऱ्या पानाला तोंड लावणार नाहीत. जेवणाच्या बाबतीत तुझ्या दादाचे सख्खे भाऊ.

मला येऊ दे बेबी. मी त्यांच्याजवळ बसून सांगते. हात धरून सांगते. तू फक्त हो म्हण.

तुझी वहिनी

१८ ऑगस्ट

वहिनी,

नाही. रागावू नकोस, पण नाही.

परवाच आईला डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, हृदय म्हातारं आहे, पण चालतंय, त्याला चालू द्या. आता तू सांग, मी काय करू? मी दिवसभर प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते, कुणाचं रक्त चांगलं, कुणाचं वाईट, ते मला त्या माणसाच्या आधी कळतं आणि मी तोंड मिटून बसते. घरी येऊन तेच करायचं, त्यात काय अवघड आहे? भाऊ माझाही गेला वहिनी. मी आंघोळीच्या नळाखाली रडून घेते, कारण आईला ऐकू येत नाही पण डोळे लाल दिसले की कळतं.

तू म्हणालीस ना, झोपेतच गेला, काही कळायच्या आत. तेवढंच माझं समाधान. त्याचे हाल झाले असते तर मी कुठून आणला असता एवढा धीर.

तुझे चौकोन आईने पाहिले. चष्मा कपाळावर, चौकोन नाकापाशी. म्हणाली, "सूनबाई चष्म्याच्या दुकानात आहे ना? मग हिला रेघ सरळ का दिसत नाही?" दोन उसवून ठेवले आहेत. चाळीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं केलेली बाई, तिच्यापुढे आपण दोघी म्हणजे अगदीच कच्च्या. माझे अठरा झाले, त्यातले सात तिने नापास केले. पण हात चालतोय तिचा. दिवसातून दोन-तीन तास शिवते. तेवढ्यासाठी तर मी ही गोधडी काढली.

आणि सुरवंटांचं फार छान केलंस. ते पत्र मी तिला समोर बसून मोठ्याने तीनदा वाचून दाखवलं. म्हणाली, "लहानपणी खिशात घालून आणायचा. धुवायला शर्ट टाकला की आधी खिसे तपासायचे मी." मग किती तरी वेळ हसत होती. तिने सांगितलेलं उत्तर सोबत आहे. त्यात लिहिलंय की झुडपाला हात लावू नकोस, आणि तू कधी येतोस. "कधी येतोस"च्या खाली तिने मला दोन रेघा मारायला लावल्या.

तर अजून लिही सुरवंटांबद्दल. चौथ्यांदा पंप नको.

बेबी

२ सप्टेंबर

प्रिय बेबी,

सुरवंटांबद्दल लिही म्हणालीस. आईंच्या पत्रात मी गोड तेवढंच लिहिलं आहे. खरं काय ते तुला सांगते.

पाला संपला. अकराजणांनी आठवड्यात झुडपाचे नुसते दांडे ठेवले. मी दुकानातून येताना रस्ते बदलून बदलून आले, कुठे तसलं झुडूप दिसतंय का बघायला. नगरपालिकेच्या भिंतीमागे एक मिळालं, पिशवीभर पाला आणला, हात चिकट झाले. तोपर्यंत पाच काळे पडून दांड्याला लोंबत होते, चिंधीसारखे मऊ. एकाला गांधीलमाशी घेऊन गेली, माझ्या डोळ्यांदेखत. एक नुसताच दिसेनासा झाला. उरले चार. त्यांनी पावसाच्या पाइपवर चढून कोष केले आहेत. हिरवे, वरच्या अंगाला सोनेरी ठिपक्यांची ओळ. इतके नीटनेटके की आई एकही नापास करणार नाहीत.

रोज कामावर जाण्याआधी मी ते बघते. घरात दुसरं कुणी बघण्यासारखं नाही.

चौकोन यावेळी अठरा आहेत. माझे तीस पूर्ण. एकदाच काय ते म्हणून मी रविवारी त्याचं कपाट उघडलं, सगळे शर्ट पलंगावर काढले आणि एकामागून एक कापत गेले. कुठला कुठला ते बघितलंच नाही. बघितलं असतं तर कात्री चालली नसती. संध्याकाळपर्यंत पलंगावर नुसत्या कॉलरी उरल्या. त्या मी ठेवून दिल्या आहेत, का ते विचारू नकोस.

तुला हसू येईल असं एक सांगते. त्याच्या नावाने लिहिताना मी माझी स्तुती करायला लागले आहे. "तुझी सून फार राबते, दमते बिचारी." तो बापजन्मात असं म्हणाला नसता. लिहून झालं आणि मला इतकं बरं वाटलं की पेन खाली ठेवून मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

मी हे फार दिवस करू शकणार नाही. दुकानात लोक विचारतात, कशा आहात, आणि मी सांगते, बरी आहे. घरी येऊन बसते आणि त्याचीही खुशाली लिहिते. कुठेतरी एका ठिकाणी तो गेलेला असू दे ना बेबी. मला त्याच्यासाठी आईंबरोबर रडायचं आहे. तुझ्या आईइतकं त्याच्यासाठी रडणारं दुसरं कोण आहे मला?

तुझी वहिनी

१४ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला अपराध्यासारखं वाटत होतं. पण आता जे सांगणार आहे ते ऐकलंस की तूही म्हणशील, बेबीचं बरोबर होतं.

आई सुधारली आहे! अगदी खरं. तुझे अठरा चौकोन आले त्या दिवशी तिने ते एकेक करून मांडीवर पसरले, बोटांनी चाचपले, उलटे करून पाहिले. तासभर तरी बसली असेल. मी म्हटलं, आता किती उसवणार? तर म्हणाली, "एकही नाही. चांगले केलेत." वहिनी, आई आणि "चांगले केलेत"! मी दिनदर्शिकेवर खूण करून ठेवली.

आणि त्या दिवसापासून तिने दादा कधी येतो हे विचारणं बंद केलं आहे. एकदाही नाही. परवा तुझं, म्हणजे त्याचं पत्र वाचून दाखवलं, ते शांतपणे ऐकलं. उत्तर सांग म्हटलं तर म्हणाली, "तूच लिही तुला सुचेल ते." मग म्हणाली, "सूनबाईला म्हणावं, फार लिहीत बसू नकोस, डोळ्यांना त्रास होतो." मी म्हटलं, पत्र दादाचं आहे. "हो ग," म्हणाली, "त्याचंच." आता अक्षर तुझंच असतं हे तिला पहिल्यापासून माहीत आहे, त्यामुळे त्यात काही नाही.

जेवण जरा कमी झालंय, पण या वयात चालायचंच. शिवणं मात्र वाढलंय. सकाळी मी डबा घेऊन निघते तेव्हा खिडकीशी बसलेली असते, संध्याकाळी येते तेव्हाही तिथेच. एक चौकोन तिने गोधडीत घेतला नाही, उशीखाली ठेवला आहे. मी विचारलं, त्याचं काय चुकलं? म्हणाली, "चुकलं काही नाही. राहू दे."

विसरत चालली असेल वहिनी. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं. मला तर वाटतं, हीच देवाची दया. अशीच हळूहळू विसरली तर आपल्याला कधी सांगावंच लागणार नाही. अजून थोडे दिवस कळ काढ, एवढंच माझं मागणं आहे.

बेबी

२० सप्टेंबर

सूनबाईस,

अक्षर लागलं नाही तर दुकानातलं भिंग घे. हात थरथरतो, पण हे पत्र बेबीच्या हाताने लिहिण्यासारखं नाही. ती कामावर गेली आहे. टपाल टाकायला खालच्या मजल्यावरच्या बाईंना देईन.

मला कळलं आहे.

मार्चमध्ये मी त्याला वाढदिवसाला शर्ट शिवून पाठवला होता. फिकट निळा, बारीक पांढऱ्या रेघा. कापड बेबीने आणलं, बेतलं मी, काजं मी केली. आता काजं करायला मला एकेका काजाला एक दिवस लागतो, म्हणून तो लक्षात आहे. त्या शर्टाच्या पाठीचा तुकडा तुझ्या चौकोनांत आला. अजून खळ होती त्याला. कोऱ्या कापडाची खळ बोटाला कळते, एकदा धुतलं की जाते. माझा मुलगा असता तर त्याचा कोरा शर्ट कापायची तुला काय गरज होती? आईने शिवलेला होता. तू अविचारी नाहीस.

आधी मला वाटलं, भांडण झालं असेल तुमचं. तसं असतं तर बरं, असं म्हणून दोन दिवस काढले. मग बेबी तुझं पत्र वाचून दाखवत होती तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ऐकू येत नाही, म्हणून मी तोंडाकडे फार बघते. मग मला विचारावंसं वाटलं नाही.

बेबीला काही बोलू नकोस. ती मला सांभाळते आहे असं तिला वाटतं, त्यावरच ती उभी आहे.

मला तीन गोष्टी सांग. कुठल्या तारखेला. जवळ कोण होतं. पाणी मागितलं का.

आता खोटं नको. तुझ्या नावाने लिही, आणि पाकिटावरही माझंच नाव घाल.

आई

२९ सप्टेंबर

आई,

हे पत्र मी सात वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी तिसऱ्या ओळीपर्यंत आले की मी ते मऊ करत होते. हे आठवं आहे, जसं येईल तसं पाठवते.

तारीख आठ मे. तुम्ही दवाखान्यात होतात.

मी बेबीला सांगितलं की तो झोपेत गेला. ते खरं नाही. तिच्याशी मी खोटं बोलले, तुमच्याशी बोलायचं ठरण्याच्याही आधी.

मागच्या अंगणात ते चिकाचं झुडूप आहे. ते मला आवडत नव्हतं. कपड्यांना चीक लागायचा, शेजारचेही बोलायचे. तीन वर्षं मी त्याच्या मागे लागले होते, ते तेवढं काढून टाक. तो म्हणायचा, काढू, काढू. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. सकाळी कामावर निघताना मी दारातून म्हणाले, "तुला सांगून काही उपयोग नाही. मीच कुणाला तरी लावून काढून घेते." त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं ते. चहाचा कप उचलून त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी संध्याकाळी सहाला आले. तो झुडपाशी पडलेला होता, कुदळ बाजूला. अर्धी मुळं खणून झाली होती. शेजारच्या बाईंनी सांगितलं, दोनच्या सुमाराला खणायचा आवाज थांबला, त्यांना वाटलं, दमून आत गेला असेल. म्हणजे चार तास, आई. डॉक्टर म्हणाले की हृदय बंद पडलं, चार तास तो जिवंत नसणार, पाच-दहा मिनिटंच असेल. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले का, हे मला कळत नाही. मी विचारलं नाही.

जवळ कोणी नव्हतं. पाणी मागितलं का, हे मला माहीत नाही. मागितलं असेल तर द्यायला कोणी नव्हतं.

तो शर्ट त्याने एकदाही घातला नव्हता. तुम्ही विचारलंत, कसा झाला, तेव्हा "रोज घालतो" असं मीच लिहिलं. ठेवणीतला म्हणून त्याने तो वरच्या फळीवर ठेवला होता, कागदात. तुम्ही बऱ्या होऊन घरी आलात की भेटायला घालून येणार होता. रविवारी कापताना कागद काढलेलाही मला आठवत नाही. तुमचं दिवसभराचं एकेक काज मी पाच मिनिटांत कापलं.

झुडूप मी काढलं नाही. त्याच्यावर सुरवंट आले तेव्हा मला वाटलं, चला, निदान एवढे तरी जगतील, आणि ते जगले तर जणू मला माफ होईल. असं काही होत नसतं. चार कोष होते. तीन आतल्या आत काळे झाले. चौथ्यातून फुलपाखरू आलं, पण त्याचे पंख चुरगळलेले होते, ते पसरलेच नाहीत. दोन दिवस पाइपखाली चालत होतं. हे तुमच्या पत्रात लिहिलं नव्हतं, म्हणून आता लिहिलं.

मी खूप पूर्वी यायला हवं होतं. बेबीने अडवलं असं मी म्हणत आले, पण तिने अडवलं म्हणून मला सुटल्यासारखंही वाटत होतं. तुमच्यासमोर बसले असते तर हे सांगावं लागलं असतं.

शर्टांमधून आता काही उरलेलं नाही. कॉलरी आहेत. तुम्हाला हव्या असतील तर पाठवते.

तुमची सून

१६ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र आईच्या नावाने आलं, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिने ते भिंग लावून एकटीने वाचलं, दुपारभर. संध्याकाळी मी आले तेव्हा माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाच. तुझ्यासाठीही आहे."

मला तुझा राग आला, हे मी लपवत नाही. झोपेत गेला म्हणालीस. त्या एका वाक्यावर मी पाच महिने काढले. तू ते वाक्य मला दिलंस आणि आता परत घेतलंस. पण मग माझंच मला हसू आलं, कारण मी आईला जे देत होते ते याहून वेगळं काय होतं?

तिला काही झालं नाही. हे तुला आधी सांगायला हवं होतं, तू घाबरली असशील. डॉक्टर येऊन गेले. ज्या हृदयासाठी आपण एवढी नाटकं केली, ते चाललं. तीन दिवस ती रडली. ऐकू येत नसल्यामुळे तिला कळत नाही की आपण किती मोठ्याने रडतोय. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. चौथ्या दिवशी तिने जेवायला मागितलं.

त्यानंतर तिने मला जे म्हटलं ते मी कुणालाही सांगणार नव्हते, पण तुला सांगते. म्हणाली, "तू वाईट केलं नाहीस. पण माझा मुलगा गेला आणि तू मला पाच महिने त्याच्यासाठी रडू दिलं नाहीस. तो एवढे दिवस तसाच गेला, आईच्या रडण्याशिवाय." मी तिचे पाय दाबत बसले. तिने पाय ओढून घेतले नाहीत, एवढंच.

गोधडी तशीच पडली आहे. एकोणसाठ चौकोन जोडलेत, अस्तर लावायचं राहिलंय. ती शिवायला बसत नाही. खिडकीशी बसते, हात मांडीवर.

तुझ्याबद्दल ती दहा-बारा दिवस काहीच बोलली नाही. मी विचारायचं धाडस केलं नाही. आज सकाळी मी डबा भरत होते तेव्हा तिने मला हाक मारून जवळ बसवलं आणि म्हणाली, तिला लिही. मी कागद घेतला. तिने जसं सांगितलं तसंच खाली लिहिते, माझा एक शब्द घातलेला नाही.

"सूनबाईला म्हणावं, ये. पण लगेच नको. आधी मला तुझ्यावर पोटभर रागावून घेऊ दे. समोर आलीस की मला रागावता येणार नाही."

बेबी